बी ऐकणारी ओतिलिया मेरो

ओतिलिया मेरो बिया निवडायला बसली की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पाय उचलून चालतात, असं तिचा नवरा सेनोन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कोंबड्या काही तसं करत नसत. पण सेनोनने आयुष्यात बायकोचं केलेलं हे एवढं एकच कौतुक, म्हणून ते कोणी खोडून काढलं नाही.

निवडणं म्हणजे ऐकणं. ताग्वा हा आमचा रानमाड; त्याची बी कोवळी असताना तिच्यात पाणी असतं, शहाळ्यासारखं गोड. मग त्या पाण्याची साय होते, सायीचं खोबरं होतं आणि खोबऱ्याचं एक दिवस हाड होतं. पांढरं, घट्ट, हस्तिदंतासारखं. त्या हाडाच्या चकत्या कापायच्या, चकत्यांना भोकं पाडायची, घासून चमकवायच्या, की झाली बटणं. आमच्या ला सेकिता गावातली दहा घरं एवढ्यावरच जगतात.

“पाणी कुठं जात नाही गं, थांबतं फक्त,” ओतिलिया एकदा जेवताना म्हणाली होती. “बटण म्हणजे थांबलेलं पाणी.”

“थांबलेल्या पाण्यात डास होतात,” तिची नणंद ग्रिमानेसा म्हणाली. “भात वाढ.”

बी आतून पुरती वाळलेली नसली तर तिचं बटण आज सुंदर दिसतं आणि उद्या दगा देतं. बाहेरून कळत नाही. म्हणून दोन बिया कानाशी धरून एकमेकींवर हलकेच आपटायच्या. वाळलेली बोलते टण्ण. ओली बोलते ठप्प. हे कोणालाही ऐकू येईल. पण या दोघींच्या मधोमध काही बिया असतात, टण्ण म्हणून सुरुवात करतात आणि शेवटाला जरासा घसा बसतो. ओतिलियाचे वडील त्यांना ‘लबाड’ म्हणायचे. लबाड बी ओळखता आली की माणूस ऐकणारा झाला. गावात बटणं पुठ्ठ्यावर डझनाने शिवतात आणि पुठ्ठ्याच्या तळाशी नाव लिहितात. कापणाऱ्याचं नाही, घासणाऱ्याचंही नाही. ऐकणाऱ्याचं. एका घरात एकच ऐकणारा. मेळ्यात जाणकार गिऱ्हाईक आलं की बटणांकडे बघायच्या आधी पुठ्ठा उलटा करून तळाची ओळ वाचतं.

तीस वर्षं त्या ओळीवर ‘ऐकणारी: ओतिलिया मेरो’ असं पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

ऐकताना ती अर्धी झोपल्यासारखी दिसायची. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. टण्ण झालं की तिला ते झाड दिसायचं: कुठल्या उतारावरचं, सकाळच्या उन्हातलं की ओढ्याकाठच्या सावलीतलं, खाली पाचोळ्यात काय पळतंय ते. एक बी, एक झाड. दुपारभर ती अशी अख्खं रान फिरून यायची आणि उठली की पायाला मुंग्या आलेल्या असायच्या.

मग दोन वर्षांपूर्वी कधीतरी रातकिडे गेले. तिला वाटलं यंदा कमी झालेत. मग किटलीचं झाकण वाजायचं थांबलं. मग सेनोनची कुरकुर ऐकू येईना, आणि हे नुकसान म्हणावं की नाही, याचा तिने बराच वेळ विचार केला. शेवटी एका सकाळी तिने दोन बिया कानाशी धरून आपटल्या आणि काहीच झालं नाही. पुन्हा आपटल्या. बोटांना धक्का बसला, तेवढाच. बिया जणू पाण्याखाली बोलत होत्या.

ती कोणाला बोलली नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे तालुक्याच्या बसमध्ये बसणं, आणि बसमध्ये बसणं म्हणजे कशाला चाललीस हे अख्ख्या गावाला सांगणं. आणि कान गेल्याचं कळलं की पेन्सिल गेली. घरात ग्रिमानेसा तयारच होती. वाईट बाई नव्हती ती. फक्त वीस वर्षं भोकं पाडून कंटाळली होती. तिचा आवाज माशाच्या बाजारात घडलेला. ती ‘मीठ दे’ म्हणाली तरी शेजारची दोन घरं मीठ घेऊन निघायची. त्यामुळे ओतिलियाला सगळ्या जगात आता दोनच गोष्टी नीट ऐकू येत होत्या: सेनोनची करवत आणि नणंद.

यंदा गारुआ जूनमध्ये उतरली ती हलेचना. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती हवेत लोंबकळणारी ओली भुरभुर. टोपलीतलं मीठ ओलं, उशी ओली, अंगणात पसरलेल्या बिया तर बघायलाच नको. ऑक्टोबरअखेर ओतिलिया ढिगापुढे बसली तेव्हा ग्रिमानेसा दारातच उभी होती, पाखडायचं सूप पोटाशी धरून.

“वहिनी, आज जरा भरभर चालल्यात बिया.”

“सवय झालीय हाताला.”

“ही बघ, ही कशी वाजली?”

“बरी.”

“बरी म्हणजे?”

“बरी म्हणजे बरी. तुला काय तिच्याशी सोयरीक करायचीय?”

ग्रिमानेसा हसली आणि गेली. ओतिलिया डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून, नेहमीसारखीच बसली आणि बिया आपटत राहिली. वजनावरून ठरवलं. सालीच्या रंगावरून ठरवलं. जिथं काहीच ठरेना तिथं तिने आठवण वापरली. अशी बी मागे कशी वाजली होती ते मनात वाजवलं आणि उजव्या ढिगात टाकली. मनात वाजवलेल्या सगळ्याच बिया फार गोड वाजल्या. उजवा ढीग गुडघ्यापर्यंत आला. डावीकडे मूठभर.

सेनोनने कापल्या, ग्रिमानेसाने भोकं पाडली, ओतिलियाने कांद्याच्या सालीत काही पिवळी रंगवली, काही दुधासारखी पांढरी ठेवली. इतकी देखणी बटणं तिने कधी केली नव्हती. काठाला सालीची तपकिरी रेघ, मधे चंद्र. पुठ्ठ्यांवर शिवली. तळाशी नाव लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

डोंगरातल्या क्वेन्काचा मेळा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नदीकाठाला भरतो. सेनोन करवतीपाशी राहिला. त्याच्या मते डोंगरातली माणसं मोजून हसतात, आणि त्यांच्यात आठवडा काढला की त्याला बद्धकोष्ठ होतं. दोघी नणंदा-भावजया चार खोकी घेऊन बसमध्ये चढल्या, सोबत हिरव्या केळ्याचे चीज घातलेले गोळे आणि बाटलीत कॉफी. किनाऱ्याची केळी, भाताची खाचरं, कोकोची झाडं मागे पळाली. मग बस वळसे घेत चढायला लागली आणि ढग खिडकीला नाक लावून बसला. ओतिलिया त्या पांढऱ्यात बघत राहिली. तिला वाटलं, आपण एका कोवळ्या बीच्या आत शिरलोय. अजून पाणीच आहे. आता साय होईल. आता खोबरं. आणि वर पोचेपर्यंत सगळी बस ड्रायव्हरसकट पांढरी घट्ट होऊन बसेल.

“माझे कान बंद झाले!” ग्रिमानेसा तिच्या खांद्याला धक्का देत ओरडली. “तुझे?”

“माझेसुद्धा,” ओतिलिया म्हणाली, आणि फार दिवसांनी तिला खरं बोलल्याचं समाधान मिळालं.

क्वेन्कात हवा काचेसारखी. ऊन कडक, सावली थंडगार, आणि ओठ एका दिवसात फुटतात. नदीकाठी तंबूंच्या रांगा. ओतिलियाच्या डाव्या हाताला दरवर्षीप्रमाणे सोइला, गुआलासेओ गावची, शाली विणणारी. तिच्यासारखीच क्वेन्काची सगळी माणसं बोलत नाहीत, गातात. वाक्य सुरू होतं तिथंच एक हेलकावा घेतात आणि मग उतारावरून सोडलेल्या गाडीसारखी घरंगळत येतात.

“काऽय हो दोन्या ओतिलिया, काऽय सुंदर बटणं या वेऽळी! आणि काऽय हो, तिकडं खाली पाऽऊस म्हणे?”

ओतिलियाला त्यातला एक शब्द कळला नाही, बाईमाणसाला आदराने म्हणायचं ते ‘दोन्या’सुद्धा. पण ते तोंड बघायला तिला आवडायचं. ओठांचा झोका होऊन जायचा. ती हसून मान डोलवायची आणि सोइलाला वाटायचं, किनाऱ्यावरच्या लोकांत ही एकच काय ती ऐकून घेणारी बाई.

किनाऱ्याची माणसं उलट. शब्दाचं शेपूट गिळून टाकतात. ग्रिमानेसा गिऱ्हाइकाला म्हणायची, “घे ना मावशे डॉलरला चार दोन वर देते घे पटकन,” आणि क्वेन्काची मावशी गोंधळून विचारायची, “काऽय म्हणाऽलात?” तोवर ग्रिमानेसाने पुडी बांधलेली असायची.

पहिला दिवस असा गेला. तेहतीस पुठ्ठे. संध्याकाळी ग्रिमानेसाने दोन वाट्या उकडलेला मका आणि डुकराचं भाजलेलं मांस आणलं, आणि चक्क म्हणाली, “वहिनी, यंदा तू कमाल ऐकलंस.” ओतिलियाने आपल्या वाटीतलं मांस तिच्या वाटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. कोरडा, डोंगरावरून येणारा. दुपारी ऊन तंबूच्या कापडातून उतरून थेट पुठ्ठ्यांवर बसलं. ओतिलिया एका तरुण जोडप्याला बटणं दाखवत होती. मुलीच्या अंगात नवा लोकरी कोट होता, बटणांवाचून उघडा.

तेवढ्यात सोइलाने माग थांबवला.

“दोऽन्या ग्रिमानेसा, तुमच्यात उंऽदीर आहे का हो?”

“उंदीर? कुठं?”

“काऽहीतरी कुरतडतंय.”

ग्रिमानेसाने कान दिला. टिक्. मग जरा वेळाने पुन्हा, टिक्. जणू कोणी नखं कापतंय. तिने टेबलाखाली पाहिलं. खोक्यात पाहिलं. टिक् टिक्. समोरचा गिटार बनवणारा पोरगेला माणूस मान वळवून बघायला लागला. पलीकडची मातीच्या भांड्यांची म्हातारी म्हणाली, “कोणाचे दात वाजताहेत गं?”

आणि ओतिलिया त्या मुलीला प्रेमाने सांगत होती, “हे बटण पन्नास वर्षं टिकेल, पोरी. कोट जाईल, तो घालणारी म्हातारी होईल, हे आहे तसं.”

टिक्.

तिच्या बोटातलं बटण मधोमध तडकलं. मुलीने पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. ओतिलिया मुलीच्या तोंडाकडे बघून हसत होती, बटणाकडे नाही.

“चल,” नवरा म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

ग्रिमानेसा पुठ्ठ्यांपाशी वाकली. एकेक बटण काठाने वर येत होतं, उन्हात ठेवलेल्या पापडासारखं. काही अजून सपाट होती. काहींची वाटी झाली होती. काहींना केसाएवढी रेघ. पूर्ण टेबल टिक्टिक् करत होतं, घड्याळजीच्या दुकानासारखं. सगळी रांग ऐकत होती आणि ज्या बाईचं नाव त्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलं होतं ती पुढच्या गिऱ्हाइकासाठी फडक्याने टेबल पुसत होती.

ग्रिमानेसाने मागून हाक मारली. साध्या आवाजात, जसा तिने जन्मात लावला नव्हता. “वहिनी.”

ओतिलियाने वळून पाहिलं नाही.

“वहिनी.”

टिक्.

मग ग्रिमानेसाने तिला खांद्याला धरून फिरवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, तेव्हा नदीपलीकडचे कुत्रेही भुंकले. “तुला ऐकू येत नाही?”

ओतिलियाने टेबलाकडे बघितलं. एक वाकडं बटण उचललं, बोट फिरवलं. तिला वाटलं बस अजून ढगातच आहे, सगळं पांढरं आणि मऊ, आणि त्यात कोणीतरी खूप लांबून तिचं नाव घेतंय.

“कधीपासून?”

“दोन पावसाळे.”

“आणि हे सगळं? हा ढीग?”

“मनानं निवडला.”

“मनानं!” ग्रिमानेसा टेबलाभोवती एक फेरी मारून आली. “ऐकलंत का सोइलाबाई? मनानं! अगं, मनानं तर मी रोज सकाळी सडपातळ असते!”

सोइलाने पटकन मान खाली घालून माग चालू केला, पण तिचे खांदे हलत होते.

उद्या सकाळी होनोरातो येणार होता. क्वेन्कातला म्हातारा शिंपी. एका बँडपथकाचे वीस कोट त्याच्याकडे शिवायला होते, प्रत्येकाला आठ बटणं, आणि गेली अकरा वर्षं तो फक्त एका नावाचे पुठ्ठे घ्यायचा. न तडकलेल्या बटणांत चांगली कोणती आणि उद्या-परवा तडकणारी कोणती, हे सांगायला कोणीतरी ऐकायला हवं होतं.

ग्रिमानेसाने ओतिलियाच्या कमरेच्या पिशवीतून पेन्सिल काढून आपल्या कानामागे खोचली. भांडून नाही, काढून घेतल्यासारखीसुद्धा नाही. तव्यावरची भाकरी करपताना शेजारीण उलथते तशी. “मी ऐकते,” ती म्हणाली.

ती फरशीवर बसली. एक बटण दगडावर टाकलं. टक्. दुसरं टाकलं. टक्. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून टाकलं, ओतिलियासारखं. टक्. वीस बटणं झाली, चाळीस झाली. तिच्या कपाळावर घाम आला.

“सगळी एकच बोलतात,” ती शेवटी म्हणाली. “टक्. टक्. मेलीनं एकीनं तरी काही वेगळं बोलावं!”

“लबाडांचा शेवटाला घसा बसतो,” ओतिलिया म्हणाली.

“कसला घसा? एवढ्याशा टक्कनला शेवट तरी असतो का?”

ओतिलियाचे कान नीट होते तेव्हाही हे कोणाला समजावता आलं नव्हतं. ती फुटलेली बटणं पुठ्ठ्यांवरून काढायला बसली. दोरा ओढून धरायला हात कमी पडले म्हणून तिने एक सुटं बटण दाढांत धरलं आणि सुईने गाठ उकलायला लागली. सुई निसटली. अंगठ्यात घातलेलं शिवणाचं धातूचं टोपण बटणावर आपटलं.

टण्ण.

ती थांबली. आवाज कानातून आला नव्हता. दातातून आला, जबड्यातून, गालाच्या हाडातून वर चढला आणि कपाळाच्या मागे कुठंतरी उभा राहिला. आणि त्याच्याबरोबर झाड. ओढ्यापासून दूर, कातळावरचं, मुळांत उन्हं खेळणारं.

तिने दुसरं बटण दाताखाली धरलं. टोपणाने टिचकी मारली. टण्ण, आणि शेवटाला, अगदी शेवटाला, कोणीतरी ओल्या पाचोळ्यात पाय ठेवल्यासारखं.

“लबाड,” ती बटणासकट म्हणाली.

“कोण मी?” ग्रिमानेसा उसळली.

ओतिलियाने बटण काढून उन्हात ठेवलं. दोघी बघत राहिल्या. सोइलाही माग सोडून आली. थोड्या वेळाने: टिक्. काठाला केसाएवढी रेघ.

त्यानंतर दिवस मावळेपर्यंत ओतिलिया मेरो बटणं चावत बसली. रांगेतली माणसं येऊन बघून गेली. मातीच्या भांड्यांची म्हातारी म्हणाली, “काऽय खाते हो ही?” गिटारवाला म्हणाला, बटणंच, खाली किनाऱ्यावर मीठ लावून खातात. कोणीतरी खरं मानलं आणि एक पुठ्ठा मागितला, खाण्यासाठी. ओतिलियाला यातलं काही पोचलं नाही. ती डोळे मिटून रानात होती. दोन वर्षं जिथं पाऊल ठेवता आलं नव्हतं ते उतार, त्या घळी, सगळं जागच्या जागी होतं. थोडी झाडं वाढली होती, एवढंच. डावीकडे ढीग वाढत गेला. उजवीकडचा ओंजळभरच राहिला. पुठ्ठ्यांवरची तिची जुनी नावं तिने एकेक करून बोटाला थुंकी लावून पुसली.

सकाळी होनोरातो आला. काळी टोपी, गळ्यात मापाची पट्टी, नाकावर चष्मा. त्याच्याही जिभेला हेलकावा होता, पण म्हातारपणाने तो संथ झालेला, जुन्या बोटीसारखा. त्याने पुठ्ठा उचलला, सवयीने उलटा केला. तळाशी नुसता पुसल्याचा राखाडी डाग.

“नाऽव कुठं गेलं?”

ओतिलिया त्याच्या ओठांवरून समजली. “पुसलं, माएस्त्रो. यंदाचा ढीग मी ऐकलाच नव्हता. कान गेलेत माझे. अंदाजानं निवडला आणि तुमच्यासाठी आणला. निम्म्याहून जास्त तडकली.”

होनोरातोने चष्म्यावरून बघितलं. ती पुढे म्हणाली, “ही एकशेबारा काल ऐकलीत. दातानं. चौदा कोटांची होतील.”

“आणि बाकीचे सहा? त्यांनी काऽय बनियनवर वाजवायचं?”

“नाताळच्या मिरवणुकीच्या आत पाठवते. गावी ढीग आहे. पुन्हा ऐकावा लागेल.”

“कोण ऐकणार?” आता म्हातारा गात नव्हता. “रांगेत काल जे झालं ते मला वाटेतच तीन जणांनी सांगितलं, दोन्या. दातानं ऐकलं म्हणता. मी शिंपी आहे, दंतवैद्य नाही. मला पुठ्ठ्यावर नाव लागतं, आणि त्या नावावर घरातल्या माणसांचाही विश्वास लागतो.” त्याने ग्रिमानेसाकडे बघितलं. तिच्या कानामागची पेन्सिल त्याला दिसली होती. “तुऽम्ही ऐकणार का?”

ग्रिमानेसाने तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. रांगेतल्या कोणालाही वावगं वाटलं नसतं, खुद्द ओतिलियालासुद्धा. ती खालच्या मानेने एकशेबारा बटणं मोजत होती, ती आधीच मोजून झालेली असताना.

“दे इकडं,” ग्रिमानेसा म्हणाली.

“काय?”

“ते! एक! तोंडात घालायचं ते!”

ओतिलियाने चांगल्यांतलं एक दिलं. ग्रिमानेसाने ते सोन्याच्या दाताशेजारी दाढेत धरलं आणि डोळे मोठे करून बसली, इंजेक्शनची वाट बघणाऱ्या पोरासारखी. ओतिलियाने अंगठ्यातल्या टोपणाने टिचकी मारली.

ग्रिमानेसा हलली नाही.

ओतिलियाने ते बटण काढून दुसरं ठेवलं, तडकायच्या ढिगातलं. टिचकी.

ग्रिमानेसाचा हात आपोआप गालाकडे गेला. मग तिने स्वतःच एक उचललं, टोपण ओढून घेतलं, टिचकी मारली. आणखी एक. आणखी एक. होनोरातो काहीतरी बोलायला लागला.

“थांबा हो!” ती बटणासकट ओरडली, आणि म्हातारा थांबला.

वारा जरा पडला होता. नदी खाली दगडांतून चालली होती. सोइलाचा माग, गिटारवाल्याचं सूर लावणं, पलीकडे कोणीतरी मका विकत होतं, आणि या सगळ्याच्या मधे ग्रिमानेसा डोळे मिटून उभी होती. तोंड किंचित उघडं, बटण दाताखाली. ती कुठं होती ते फक्त ओतिलियाला माहीत होतं.

बऱ्याच वेळाने तिने बटण हातावर काढलं. पुसलं. तडकायच्या ढिगात टाकलं.

“याचा घसा बसतो,” ती म्हणाली. आवाज इतका खाली आला होता की ओतिलियाला ऐकायला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं. मग ग्रिमानेसाला राग आला. “तीस वर्षं? तीस वर्षं हे असं, रोज? आणि एकटीच ऐकत बसलीस? मला तिकडं भोकं पाडायला लावून?”

“तुला सांगितलं होतं. थांबलेलं पाणी...”

“तू पाण्याचं सांगितलंस, रानाचं कुठं सांगितलंस!”

होनोरातोने खाकरून आपला प्रश्न पुन्हा विचारला. ग्रिमानेसाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कानामागची पेन्सिल काढली, टोक दाताने जरा टोकदार केलं आणि वहिनीच्या हातात दिली.

“तुझं नाव लिही लवकर,” ती म्हणाली, आणि ढिगातून आणखी एक बटण उचलून तोंडात टाकलं.